विश्लेषण : लाट नेमकी कुणाची? होकिपाच्या गर्दीत विंडसर्फरनेच आधी का थांबावे?

हवाईतील माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील होकिपा हे लाटांवरच्या विंडसर्फिंगसाठी जगभर नावाजलेले ठिकाण. मात्र तेथील लाटा एकट्या विंडसर्फरच्या नाहीत. शीड नसलेल्या साध्या बोर्डवरचे सर्फरही त्याच पाण्यात असतात. अशा वेळी आधी कोण, हा प्रश्न शिष्टाचाराचा आहे, तितकाच सुरक्षिततेचाही आहे.

होकिपाला एवढी गर्दी का?

ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे माउईवरील दोन पर्वतांमधल्या सखल पट्ट्याकडे वळताना जोर धरतात. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांनी उठवलेल्या मोठ्या लाटाही याच किनाऱ्यावर येतात. चांगला वारा आणि चांगली लाट एकत्र मिळणारी ठिकाणे मोजकीच आहेत. ‘अलोहा क्लासिक’ ही स्पर्धाही येथेच भरते. पण विंडसर्फिंग १९६०च्या दशकातले. होकिपाच्या लाटांवर सर्फर त्याआधीपासून आहेत.

दोघांचे नियम वेगळे कसे?

सर्फिंगमध्ये लाट जिथे प्रथम फुटते, त्या जागेच्या सर्वांत जवळ असलेल्याचा लाटेवर हक्क. हातांनी वल्हवत आत निघालेल्याने लाटेवरच्या सर्फरच्या वाटेत यायचे नाही. विंडसर्फिंगमध्ये उलट आहे. खोल समुद्राकडे निघालेल्याला आधी वाट मिळते आणि लाटेवरून किनाऱ्याकडे येणाऱ्याने त्याला चुकवायचे असते. फुटलेल्या लाटेच्या फेसात बोर्डचा वेग तुटतो. तिथे अडकलेला माणूस शीड-डोलकाठीसह पुढच्या लाटेखाली सापडू शकतो. लाटेवरून येणाऱ्याकडे मात्र वेग असतो आणि वळायला जागाही असते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतात, त्यातलाच हा प्रकार. एरवी दोन विंडसर्फर समोरासमोर आले, तर ज्याचा उजवा हात पुढे, म्हणजे डोलकाठीकडे, त्याला प्राधान्य असते. होकिपात समुद्राकडे तोंड केल्यास वारा उजवीकडून येतो. त्यामुळे तिथे दोन्ही नियम आत जाणाऱ्याच्याच बाजूने लागू पडतात.

मग वाद कशाचा?

वेगाचा. वाऱ्याच्या जोरावर विंडसर्फर लाट फुटण्याच्या बरेच आधी, ती नुसता फुगवटा असतानाच गाठतो. सर्फरला मात्र ती फुटण्याच्या जागी येईपर्यंत वाट पाहावी लागते. ‘लाटेवर आधी आला तो मालक’ एवढाच निकष लावला, तर जवळपास प्रत्येक लाट शिडवाल्याची होईल आणि सर्फर नुसता बघत बसेल. शिवाय सुमारे चार मीटरची डोलकाठी आणि बोर्डखालचे कडक फिन घेऊन कुणी वेगात आले, तर हातांनी वल्हवणाऱ्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. धडक झालीच, तर जास्त इजा त्यालाच होणार.

होकिपाने काय मार्ग काढला?

तेथे सकाळी ११ च्या आधी विंडसर्फिंग करायचे नाही, असा नियम आहे. त्यानंतरही पाण्यात दहापेक्षा अधिक सर्फर असतील, तर विंडसर्फरने किनाऱ्यावर थांबावे, असा दंडक आहे. वाऱ्याचे तास मोजकेच, त्यात हे थांबणे म्हणजे नुकसान, अशी तक्रार विंडसर्फर करू शकतात. ती अगदीच गैर नाही. पण वारा जोरात सुटला की पाणी खडबडीत होते आणि साध्या सर्फिंगची मजा तशीही जाते. शांत सकाळ सर्फरची आणि वाऱ्याची दुपार विंडसर्फरची, ही वाटणी निसर्गाला धरूनच आहे.

नियम पाळले की पुरे?

नाही. घड्याळात ११ वाजले म्हणजे पाणी आपले झाले, असे होत नाही. नवख्याने आधी किनाऱ्यावर उभे राहून लाटा कुठे फुटतात, प्रवाह कुठे ओढतो आणि खडक कुठे आहेत, हे पाहून घ्यावे. आपल्या आवाक्याबाहेरची लाट असेल, तर त्या दिवशी उतरूच नये. कारण ताबा सुटलेला बोर्ड दुसऱ्यालाही लागतो. दोन लाटा घेतल्या की तिसरी सोडावी. पडलेल्या माणसाचे डोके वर दिसेपर्यंत नजर ठेवावी.

ज्याच्याकडे वेग अधिक, त्याची जबाबदारीही अधिक, हे रस्त्यावर आपण मान्य करतो. पाण्यात तर लेन नाहीत, सिग्नलही नाहीत. म्हणून तिथे लाट पकडता येते की नाही, एवढेच पाहून भागणार नाही. तिच्यासाठी आधीपासून कोण थांबले आहे, हे विंडसर्फरने पाहायलाच हवे.