ओरत्तनाडूचे छत्र आणि कुमारांचे कपाट

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना ओरत्तनाडु लागते. दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने १८०२ च्या सुमारास तेथे छत्र उभारले. वाटसरूंना अन्न आणि निवारा देणे हे छत्राचे काम. परंतु सरफोजींच्या छत्रांतून मुलांच्या अध्ययनाचीही सोय होती. मराठी कुमारवाचनाची चर्चा पुण्यामुंबईच्या परिघातच फिरत असल्यामुळे या दूरच्या गावाचे स्मरण देणे अगत्याचे ठरते.

याच राजाच्या आश्रयाने १८०६ साली तंजावरच्या मुद्रणालयातून सख्खन पंडितांची ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली. ती इसापाच्या गोष्टींची. बालसाहित्याचे अभ्यासक तिची आदराने नोंद घेतात. त्याच राजाच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्यही आहे. कुरवंजी हा मूळ तमिळ प्रकार. त्यातील भविष्य सांगणारी डोंगरकन्या आपल्या मुलखाची वर्णने गाते. सरफोजींनी तिच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला, तोही पदांतून. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या राजाने युरोपातून आलेले ज्ञान द्राविडी नाट्यरूपात आणि मराठी भाषेत बसवले. ही कृती मात्र नाट्येतिहासाच्या एखाद्या परिच्छेदात जाऊन पडते. कोल्ह्याची गोष्ट तेवढी साहित्य आणि पृथ्वीचे वर्णन ‘माहिती’, ही वाटणी कोणी केली?

तिचे परिणाम शिफारसयाद्यांत पाहावेत. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी कादंबरी निवडताना निदान भाषेचा, व्यक्तिरेखांचा विचार होतो. ललितेतर पुस्तकाला ‘उपयुक्त’ आणि ‘संस्कारक्षम’ ही दोन विशेषणे पुरतात. मग थोरांची डाग नसलेली चरित्रे आणि शोधांच्या सनावळ्या यांनी कपाट भरते. लेखकाला स्वतःला कशाचे कुतूहल आहे काय, हे कोणी विचारत नाही. असे पुस्तक मुलाने अर्ध्यावर टाकले की दोष वाचनाच्या सवयीला दिला जातो!

वास्तविक मराठीला हा प्रांत अपरिचित नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० मधले, विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ मधले. शिवाय प्रौढांच्या म्हणून गणलेल्या कितीतरी ग्रंथांवर कुमारांचाही हक्क आहे. वरसईचे गोडसे भटजी द्रव्याच्या आशेने उत्तरेकडे निघतात, १८५७ च्या वणव्यात सापडतात आणि झाशीचा वेढा आतून पाहतात; ‘माझा प्रवास’ पंधराव्या वर्षी वाचायचा नाही तर कधी? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तला विनोद समजायला पदवी लागत नाही.

यावर ‘वयाला न पेलणारे’ हा ठरलेला आक्षेप येतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील दारिद्र्य आणि अपमान मुलांपासून दूर ठेवावेत, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही: ते सारे लेखकाच्या वाट्याला बालपणीच आले होते. आक्षेप घेणाऱ्यांचा खरा संकोच स्वतःविषयीचा असतो. मूल प्रश्न विचारील आणि उत्तर द्यावे लागेल, याचा. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’चेही तेच. महाभारतातील माणसे चिकित्सेपलीकडची नाहीत, हे त्या ग्रंथाने १९६७ मध्ये दाखवले. शालेय ग्रंथालयांत तो असलाच तर शिक्षकांच्या कपाटात असतो, आणि त्या कपाटाला कुलूप असते.