दुसऱ्याच्या मेंबरशिपवर स्वस्तात रिसॉर्ट: पैसे देण्याआधी काय तपासाल?

समजा, दिवाळीत सोलापूरहून गोव्याला जायचंय आणि फेसबुकवर जाहिरात दिसली: क्लब महिंद्राच्या 3 रात्री, निम्म्या दरात. हे खरं असू शकतं का?

हो. या क्लबची मूळ मेंबरशिप 25 वर्षांची, वर्षाला 7 रात्रींची. सुट्टी घेतली नाही तरी वार्षिक वर्गणी भरावी लागते. त्यामुळे काही मेंबर उरलेल्या रात्री दुसऱ्याला देऊन खर्च भरून काढतात.

मग धोका कुठे आहे?

करार कंपनी आणि मेंबर यांच्यात असतो, तुमच्याशी नाही. तुम्ही पैसे दिल्यावरही बुकिंग रद्द करणं मेंबरच्याच हातात राहतं. कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट तर सहज एडिट करता येतो.

काय करावं?

मेंबरशिपच्या नियमांत पैसे घेऊन सुट्टी देता येते का, हे आधी विचारा. रिसॉर्टचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या आणि पाहुण्यांच्या यादीत तुमचं नाव आहे का, याची स्वतः फोन करून खात्री करा. मोठी रक्कम चेक-इननंतरच द्या.

फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले गेले, तरच ते परत मिळण्याची आशा जास्त असते.