झलक आणि वचन

जेम्स बाँडच्या नव्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचे नाव जून २०२५ मध्ये जाहीर झाले आणि एकही दृश्य समोर नसताना तर्कवितर्कांना ऊत आला. हेरपटाचा ट्रेलर ही मोठी अवघड कामगिरी. रहस्याच्या जोरावर गिऱ्हाईक आणावयाचे, पण रहस्य फोडावयाचे नाही. ‘नो टाइम टू डाय’ची झलक डिसेंबर २०१९ मध्ये आली, चित्रपट करोनामुळे रखडत सप्टेंबर २०२१ मध्ये. तोवर बाँडची पुलावरची उडी रसिकांना पाठ झाली होती, त्याचा शेवट मात्र झलकेने कळू दिला नाही. ही लपवाछपवी क्षम्य, नव्हे आवश्यकच.

चित्रपटात जे नाहीच ते दाखविणे निराळे. ‘फॅन’च्या (२०१६) जाहिरातीतील गाणे पडद्यावर दिसले नाही म्हणून महाराष्ट्रातील एक शिक्षिका ग्राहक मंचाची पायरी चढली. पुढे राज्य आयोगाने तिला मंजूर केलेली १०,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केली. झलक म्हणजे वचन नव्हे, असा निर्वाळा दिला. करारकायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड असेलही. परंतु तिकीट आधी काढावे लागते, चित्रपट नंतर दिसतो. त्या घडीला प्रेक्षकाच्या हाती निर्मात्याने दाखविलेल्या झलकेखेरीज दुसरे काय असते?