जामखेडचे आरोळे डॉक्टर

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म 1934 सालचा, नगर जिल्ह्यातला. आईवडील दोघेही शिक्षक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकताना मॅबेल यांची ओळख झाली. 1960 मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काढल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बरे होऊन गेलेले रोगी त्याच दुखण्याने पुन्हा दारात येत होते, कारण दुखण्याचे मूळ घरात, पाण्यात आणि ताटात होते. पुढे अमेरिकेत शस्त्रक्रियेबरोबरच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले आणि 1970 मध्ये जामखेडला आले.

जामखेड म्हणजे जिल्ह्याचे टोक. पलीकडे बीड आणि तेव्हाचे उस्मानाबाद, पाऊस बेभरवशाचा आणि वर्षातले काही महिने अर्धे गाव ऊसतोडीला. गुरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले. खेड्यांत परिचारिका पाठवण्याचा बेत होता, पण शहरात शिकलेल्या मुली तिथे रमेनात आणि गावातल्या बायकाही त्यांच्यापाशी मन मोकळे करेनात. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही टाकलेल्या किंवा विधवा. बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, मुलांची वजने, क्षयरोगाची आणि कुष्ठरोगाची ओळख या गोष्टी त्या शिकल्या. डॉक्टरी ज्ञानाचा मोठा भाग साध्या बोलीत सांगता येतो यावर आरोळ्यांचा पक्का विश्वास होता. (डॉक्टर मंडळींना ते तितकेसे रुचले नाही, यात नवल नाही.)

या बायका दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी येत. सगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र रांधायचे, एका पंगतीला बसायचे आणि रात्री एकाच मोठ्या गोधडीखाली झोपायचे, असा रिवाज होता. सोवळ्याओवळ्यावर व्याख्यान दिले असते तर त्यांनी माना डोलावल्या असत्या आणि घरी जाऊन जुनेच चालू ठेवले असते. दुष्काळात गावोगाव बोअर घेताना आरोळ्यांनी असाच डाव टाकला. हापसा दलित वस्तीत बसेल अशी जागा ते दाखवत. पाणी हवे तर सवर्णांना हंडा घेऊन तिकडे जावे लागे. याला लबाडी म्हणता येईल. पण तिचा फायदा कुणाला झाला तेही पाहिले पाहिजे. पुरुषांना जमवण्यासाठी व्हॉलीबॉलचे सामने भरले आणि खेळून दमलेल्यांशी शेती, पाणी, झाडे यांवर बोलणे होऊ लागले. त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली. महिला मंडळेही झाली.

1971 च्या सुमारास या भागात जन्मलेल्या हजार बालकांमागे सुमारे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हे प्रमाण तिशीच्या खाली आले. 1979 मध्ये पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 मध्ये आरोळ्यांना पद्मभूषण. परदेशांतून आरोग्य कर्मचारी जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला उभ्या राहत त्याच गावच्या बायका. गावकऱ्यांना मात्र पुरस्कारांपेक्षा वेळेवर मिळालेले शस्त्रक्रियेचे टेबल आणि तिथेच बनणारे जयपूर फूट अधिक आठवतात.

1999 मध्ये मॅबेल गेल्या. त्यानंतरही आरोळ्यांनी जामखेड सोडले नाही. मे 2011 मध्ये त्यांचे निधन झाले. जामखेडचे काम त्यांच्या मुलांनी पुढे चालवले.

सरकारी योजनेतून 2005 पासून ‘आशा’ ही गावातली आरोग्य कार्यकर्ती आली ती याच वाटेने. पण निवडीच्या निकषात आठवीपर्यंतचे शिक्षण आले आणि मोबदला कामागणिक ठरला. नोंदी भरायच्या म्हणून शिक्षण हवे, हा सरकारी युक्तिवाद समजण्यासारखा आहे. मात्र जामखेडमध्ये पहिल्या फळीत उभ्या राहिलेल्या बहुतेक बायका या निकषावर सहज निवडल्या गेल्या नसत्या. शिवाय जामखेडची बाई गावाला उत्तरदायी होती, ‘आशा’चा हिशेब प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. सरकारने जामखेडहून नमुना उचलला. दर आठवड्याचा मुक्काम आणि ती गोधडी तिथेच राहिली.