नाताळचे ससे

क्रांती चौकात डिसेंबरचा गारठा उतरला की आमच्या घरी नाताळच्या करंज्या तळल्या जातात, दाराशी कागदी चांदणी लागते. एका नाताळला मुलांच्या हट्टापायी मी सशांची जोडी आणली. थंडीत आम्ही पिंजऱ्यावर गोणपाट घालून त्यांना जपले. खरे तर दाट केसांमुळे थंडी त्यांना सोसते. सोसत नाही ते ऊन. सशाला घाम जवळजवळ येतच नाही. उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते. पारा ३० अंशांपुढे गेला की त्याचा जीव कासावीस होतो. आमच्याकडे मे महिन्यात तो ४०पुढे गेला आणि दोघेही दगावले.

वाचकहो, ससा ८-१० वर्षे जगू शकतो. तो नाताळची भेट म्हणून आणू नका. आणायचाच असेल, तर आधी घरात मे महिन्यातला गारवा शोधा. आमच्या गव्हाणीत मुलांनी मेंढरांशेजारी मातीचे दोन ससे ठेवले आहेत.