रंग कसा आहे?

प्रसूतिगृहातून बाळ बाहेर आणले की भालकी-औरादकडील आजीबाई प्रथम वजन विचारीत नाहीत. दुपटे सारून कानाची पाळी पाहतात व तीवरून भावी वर्णाचे भाकीत करतात. (हे निरीक्षण अगदीच निराधार नाही, जन्मानंतर काही आठवडे त्वचेतील मेलॅनिन वाढत जाते.) मग प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, रंग कसा हाय?"

जुनी पिढी मावळली की हा वर्णग्रह मावळेल, असे एम.डी. होऊन आलो तेव्हा मला वाटे. आता तसे वाटत नाही. आजी हळद-बेसन चोळीत असे. फार तर पुरळ उठे. शिकलेली नातसून स्टेरॉइडयुक्त मलम लावते. गतवर्षी सात महिन्यांची एक बालिका तपासली. गालांची त्वचा इतकी विरळ, की आतील रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत होते. दोन महिने रोज मलम लावले होते. अर्भकाच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने औषध अधिक शोषले जाते. अधिवृक्क ग्रंथी मंदावते, वाढही खुंटू शकते. २०१८ साली शासनाने अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखली. येथे चिठ्ठी होती. आपल्याच एका व्यवसायबंधूने बालिकेच्या मावशीला, तिच्या चेहऱ्यासाठी दिलेली!

त्या बालिकेला घरात लाडाने 'हबशीण' म्हणत. बीदर शहरालगत हबशी कोट आहे, हे त्या कुटुंबास ठाऊक होते. तेथे कोणाच्या कबरी आहेत, हे मात्र नव्हते. बहामनी दरबारात आफ्रिकेतून आलेले हबशी सरदार मानाची पदे भूषवीत. पुढे निजामशाहीत मलिक अंबर गुलामीतून वर येऊन राज्याचा आधारस्तंभ झाला. त्याच दख्खनमध्ये आज तो शब्द मुलीला हिणविण्यास वापरला जातो.

१९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली बदलले. नवी पिढी जागी झाली, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. माझ्या बाह्यरुग्ण कक्षात प्रश्न तोच आहे, फक्त आता तो आई हळू आवाजात विचारते.

दोष इतरांनाच का द्यावा? माझी कन्या आठ वर्षांची असताना माझी आई तिच्यादेखत म्हणाली, "पोर सावळीच राहिली रे." मी बालरोगतज्ज्ञ, उत्तर दिले, "उजळेल गं, आई." आईला बरे वाटले. ते वाक्य मी विसरलो होतो. गेल्या दिवाळीत, लग्नाची बोलणी चालू असताना, कन्येने मला त्याची आठवण करून दिली.