तबकडी तीच, मशीन निराळे

घड्याळ आपण विकत घेतो ते तबकडी पाहून. दुकानदार काचेच्या कपाटातून काढून हातात देतो. आपण काटे पाहतो, आकडे पाहतो, पट्टा मनगटावर कसा बसतो ते पाहतो आणि किंमत विचारतो. मागच्या झाकणाखाली मशीन कोणाचे, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. साध्या घड्याळाच्या बाबतीत ते चालून जाते. पण ज्या घड्याळाला काही लाख रुपये मोजावे लागतात आणि जे पुढच्या पिढीचा ठेवा म्हणून विकले जाते, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच हवा, असे माझे मत आहे.

वैमानिकांच्या एका नामांकित घड्याळाची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावी १८६८ साली जोन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आयडब्ल्यूसी ही कंपनी काढली. १९४८ साली ब्रिटिश हवाई दलासाठी या कंपनीने ‘मार्क ११’ हे घड्याळ बनवले. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, नक्षीकाम काही नाही. विमानातल्या उपकरणांच्या चुंबकत्वाने घड्याळ बिघडू नये म्हणून मशीनभोवती मऊ लोखंडाचे कवच. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबे, म्हणजे सगळ्यांना आपापली घड्याळे एकाच क्षणी जुळवता येत. आत आल्बर्ट पेलातों यांनी आखलेले, रोज चावी द्यायचे १७ ज्वेल्सचे मशीन होते, आणि ते कंपनीचे स्वतःचे होते. १९८१पर्यंत हे घड्याळ हवाई दलाच्या सेवेत राहिले.

पुढे हेच रूप हौशी लोकांसाठी बाजारात आले. १९९४च्या सुमारास ‘मार्क १२’ निघाले. त्यातले ऑटोमॅटिक मशीन मूळचे जेजर-लकूल्त्र या मातब्बर कारखान्याचे होते. १३ आणि १४ हे आकडे वगळून १९९९ साली ‘मार्क १५’ आले, आणि त्यात ईटीए कंपनीचे २८९२ हे मशीन बसवलेले होते. हे मशीन इतर अनेक कंपन्याही वापरत. २००६चे मार्क १६ आणि २०१२चे मार्क १७ त्यावरच चालले. ईटीए ज्या स्वॉच समूहाची, त्याने बाहेरच्यांचा पुरवठा कमी करण्याचे २००२ सालीच जाहीर केले होते. अखेर २०१६ साली आलेल्या मार्क १८च्या काळात ईटीएची जागा सेलिटाच्या, जवळजवळ त्याच रचनेच्या मशीनने घेतली. २०२२च्या मार्क २०मध्ये मात्र कंपनीने आपले म्हणून निराळेच मशीन घातले. जुने एकदा पूर्ण चावी बसली की ४२ तास चाले, हे १२० तास चालते. या साऱ्या काळात काळी तबकडी आणि पांढरे आकडे मात्र दुरून पाहणाऱ्याला तेच वाटावेत असे राहिले.

या बदलांवर शौकिनांची तक्रार ठरलेली असते : एवढे पैसे घेऊन दुसऱ्याचे मशीन घालतात! मला ही तक्रार अर्धीच पटते. एका कारखान्याने मशीन करावे आणि दुसऱ्याने घड्याळ सजवावे, हा स्वित्झर्लंडमधला जुना रिवाज आहे. आपल्याकडेही एचएमटीने १९६१ साली घड्याळांचा कारखाना काढला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानेच. ते कोणी लपवले नाही, म्हणून कोणाला फसल्यासारखे वाटलेही नाही. शाफहाउझेनच्या कंपनीने मात्र बाहेरून आणलेल्या मशीनांना स्वतःचे क्रमांक दिले. मूळ ईटीएचे ते ‘३०११०’ झाले, सेलिटाचे ‘३५१११’ झाले. जाणकाराला त्यातली मेख कळते; बायकोने वाढदिवसाला द्यावे म्हणून दुकानात विचारलेल्या घड्याळाबद्दल तिला कशी कळावी? मशीन जरूर बदला, पण ते कोणाचे आहे हे गिऱ्हाइकाला सरळ शब्दांत सांगा, एवढेच माझे मागणे आहे.

तक्रारीचा उरलेला अर्धा भाग मला पटत नाही, कारण ती घराण्याचा विचार करते, दुरुस्तीचा नाही. माझ्या वडिलांचे एचएमटी ‘पायलट’ आजही माझ्याकडे चालू आहे. त्यात १७ ज्वेल्सचे, रोज चावी द्यायचे साधे मशीन आहे. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, तरी आमच्या पेठेतला घड्याळजी जुन्या घड्याळांतले भाग काढून त्याचे तेलपाणी करतो. मशीन घरोघरी पोचले होते, म्हणून त्याचे भाग उरले आणि ते जाणणारे हातही उरले.

हाच न्याय महागड्या घड्याळालाही लागू आहे. ईटीए काय किंवा सेलिटा काय, त्यांची रचना सामान्य आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तशी मशीन उघडून जोडलेले कारागीर देशोदेशी आहेत. पाच दिवस चालणारे नवे मशीन गुणी असेल, पण त्याच्या भागांसाठी पाहायचे ते मुख्यतः कंपनीच्याच दाराकडे. कंपनीचे मालक बदलतात, धोरणे बदलतात. आयडब्ल्यूसीच २००० साली रिशमाँ समूहाकडे गेली. नातवाच्या काळी तिथले दार उघडे असेल की नाही, याची हमी आज कोण देणार?

म्हणून असे घड्याळ कधी घरात येणार असेल, तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. मशीन मुळात कोणी बनवले? त्याचे भाग कुठे मिळतात? आणि कंपनीखेरीज ते कोण दुरुस्त करू शकतो? उत्तरे पावतीमागे लिहून घ्या आणि ती पावती घड्याळाच्या डबीतच ठेवा. पुढे ज्याच्या हाती ते घड्याळ जाईल, त्याला तबकडीपेक्षा त्या कागदाचा उपयोग अधिक होईल.